बहुरूपी की एकरूपी?

चित्रपटाच्या जाहिरातीत नायकाचे नाव हातभर अक्षरांत असते, नायिकेचे त्याच्या शेजारी. आणि खाली मुंग्यांच्या रांगेसारखी जी बारीक अक्षरे लागतात, त्यांत चरित्र-अभिनेत्याचे नाव कोठेतरी दडलेले असते. ते वाचायला सहसा कोणी थांबत नाही. परंतु चित्रपट पाहून घरी आल्यावर, रात्री पानावर बसल्या बसल्या, मुले ज्याची नक्कल करतात तो पुष्कळदा त्या बारीक अक्षरांतलाच माणूस असतो. नायक आवडतो, हा मात्र आठवतो.

या आठवणीचेही दोन प्रकार आहेत. काही चरित्र-अभिनेते असे असतात की त्यांचा चेहरा हेच त्यांचे भांडवल. ललिता पवार पडद्यावर आल्या की प्रेक्षागृहातल्या सासुरवाशिणी सावरून बसत. 'अनाडी'तली (१९५९) प्रेमळ मिसेस डिसा असो की १९८७ साली दूरदर्शनवर सुरू झालेल्या 'रामायणा'तली मंथरा असो, त्या 'ललिता पवार'च असत, आणि प्रेक्षकाला ते हवेच असे. निळू फुले यांचेही तसेच. 'सामना'तला हिंदुराव पाहिलेल्या माणसाने 'सिंहासन'मधला पत्रकार दिगू पाहिला, तरी आवाजाचा तो खर्ज आणि नजरेतली ती धार कोणाची, हे त्याला सांगावे लागत नसे. अशा नटांच्या भूमिका बदलतात, ठसा तोच राहतो. त्यांचे मोठेपण त्या ठशात आहे.

दुसरा प्रकार अगदी विरळा. हा नट भूमिका करतो आणि तिच्यामागे आपली पावलेही पुसून टाकतो. प्रेक्षकाच्या मनात भूमिका राहते, नट राहत नाही. मराठीत या प्रकाराचे सर्वांत मोठे उदाहरण कोणते, असे कोणी विचारले तर आम्ही दिलीप प्रभावळकर यांचे नाव घेऊ. ४ ऑगस्ट १९४४ रोजी मुंबईत जन्मलेल्या या नटाने रंगभूमी, चित्रपट आणि दूरचित्रवाणी या तिन्ही ठिकाणी पन्नासाहून अधिक वर्षे काम केले आहे. आणि तरीही त्यांच्याविषयी बोलताना लोक आधी त्यांच्या पात्राचे नाव घेतात, त्यांचे स्वतःचे नंतर.

याचा पडताळा आमच्या धर्माबादेसारख्या गावात चांगला येतो. धर्माबाद हे नांदेड जिल्ह्याच्या अगदी काठावरचे गाव. मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारी गाडी येथून पुढे निघाली की बासरचे सरस्वतीचे क्षेत्र लागते, आणि बासर तेलंगणात. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपर्यंत ही सगळी भूमी एकाच हैदराबाद राज्यात होती; रेषा नंतर पडली, माणसे तीच राहिली. त्यामुळे येथल्या मिरचीच्या बाजारात सौदा तेलुगूत ठरावा, हिशेब मराठीत व्हावा आणि भांडण जुंपलेच तर ते दख्खनी हिंदीत व्हावे, यात कोणालाच नवल वाटत नाही. सिनेमाच्या बाबतीतही गाव असेच तिभाषिक.

अशा गावात प्रभावळकरांची ओळख मोठी गमतीची आहे. ज्यांचे बालपण १९९० नंतरचे, त्यांना 'झपाटलेला'मधला (१९९३) तात्या विंचू ठाऊक. ज्या घरांत २००१ नंतर संध्याकाळी अल्फा मराठी लागत असे, त्यांना 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मधले आबा ठाऊक. हिंदी बघणाऱ्यांना 'लगे रहो मुन्नाभाई'तले (२००६) गांधीजी ठाऊक. आणि ज्यांचे सोयरे निजामाबादेकडे आहेत त्यांनी तेच गांधीजी २००७ साली तेलुगूत, 'शंकरदादा जिंदाबाद'मध्ये, चिरंजीवीच्या शेजारी पाहिलेले. कारण त्या तेलुगू आवृत्तीतही गांधीजींची भूमिका करायला प्रभावळकरच गेले होते. आता हा तात्या, हे आबा आणि हे दोन भाषांतले गांधीजी म्हणजे एकच गृहस्थ, असे सांगितले तर ऐकणारा क्षणभर सांगणाऱ्याकडेच संशयाने पाहतो.

याला नटाचा विजय म्हणावे, की आपण प्रेक्षकांनी केलेली हेळसांड म्हणावे? या लेखाचा प्रश्न तोच आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर आधी एक रूढ समज तपासून पाहावा लागेल. प्रभावळकर म्हणजे 'बहुरूपी', हा तो समज.

बहुरूपी हा शब्द आम्हां मराठवाड्यातल्या माणसांना पुस्तकातून शिकावा लागत नाही. सुगीच्या दिवसांत कधी पोलीस होऊन, कधी बैरागी होऊन तो दारात उभा राही. घरातल्या पोरांना दरडावी, म्हाताऱ्यांना हसवी, आणि सुपातले धान्य झोळीत घेऊन पुढच्या घरी जाई. त्याची गंमत अशी की सोंग कितीही हुबेहूब असले तरी आतला माणूस कोण, हे सगळ्यांना माहीत असे. आनंद असतो तो सोंग आणि माणूस यांच्यातले अंतर मोजण्याचा. चिंतामणराव कोल्हटकरांसारख्या थोर नटाने आपल्या आत्मचरित्राला 'बहुरूपी' हेच नाव दिले होते, यावरून नटांना या शब्दाचा केवढा अभिमान वाटत आला आहे ते दिसते.

प्रभावळकरांमध्ये हा बहुरूपी आहे, यात शंका नाही. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यात त्यांनी चेटकीण केली, आणि ती अशी केली की पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी ती घाबरत घाबरत आणि हसत हसत पाहिल्याच्या गोष्टी आजही सांगितल्या जातात. 'हसवा फसवी' हे नाटक तर त्यांनी स्वतःच लिहिले आणि त्यात सहा निरनिराळ्या भूमिका स्वतःच केल्या. विगेत जावे, आणि पुढच्या खेपेला दुसरेच वय, दुसरीच चाल, दुसराच गळा घेऊन यावे! 'झपाटलेला'त तर कमालच झाली. सुरुवातीला थोडा वेळ दिसलेला त्यांचा तात्या विंचू मरतो आणि एका बाहुल्यात शिरतो. रामदास पाध्यांचा तो बाहुला पुढे सगळा चित्रपट खातो. तेथे नटाचे शरीरही उरलेले नाही. उरला आहे तो फक्त आवाज, आणि त्या आवाजाने महाराष्ट्रातल्या मुलांची झोप उडवली.

हे सगळे कौतुकाचेच आहे. तरीही आम्हांला वाटते की प्रभावळकरांची कीर्ती या एकाच खुंटीला टांगून आपण त्यांच्यावर अन्याय करीत आलो आहोत. रंगभूषा, टोप, दात, चष्मा, आवाजाची पट्टी ही सगळी नटाची अवजारे. सुताराच्या घरी जाऊन आपण त्याच्या पटाशीची स्तुती करतो काय? 'हसवा फसवी' बघताना प्रेक्षक सोंगे मोजू लागतो. आता कोण येणार, किती वेळात येणार, ओळखू येणार की नाही, हाच खेळ होऊन बसतो, आणि त्या मोजणीत त्या सहा माणसांची सुखदुःखे मागे पडतात. नाटककाराला आणि नटाला यात दोष देण्याचे कारण नाही. त्या नाटकाने कबूल केलेले सगळे काही दिले. परंतु प्रेक्षकाने तेवढ्यावरच 'वा!' म्हणून उठावे, ही मात्र आपलीच कमतरता.

मग या सोंगांखाली काय आहे? आमचे उत्तर थोडक्यात असे: या बहुरूप्याच्या आत एक एकरूपी माणूस आहे, आणि त्याचे नाव संकोच. जगात आपण जरा जास्तच जागा व्यापीत आहोत की काय, अशी शंका ज्याला सतत येत असते, त्या माणसाचे चित्र प्रभावळकर जन्मभर काढीत आले आहेत.

आरंभ चिमणरावापासून झाला. चिं. वि. जोशी यांचा चिमणराव मराठी वाचकांच्या घरात कधीपासूनच होता. १९४० साली 'लग्न पहावे करून'मध्ये दामूअण्णा मालवणकरांनी तो पडद्यावर आणलाही होता. १९७७च्या सुमारास मुंबई दूरदर्शनने 'चिमणराव-गुंड्याभाऊ' ही मालिका काढली तेव्हा चिमणराव प्रभावळकर झाले आणि गुंड्याभाऊ बाळ कर्वे. मुंबई केंद्र सुरू होऊन (२ ऑक्टोबर १९७२) तेव्हा पुरती पाच वर्षेही झाली नव्हती. त्या केंद्राचा पल्ला मुंबई-पुण्यापलीकडे फारसा नव्हता, मराठवाड्यात दूरचित्रवाणी पोचायचीच होती. त्यामुळे आमच्याकडच्या पुष्कळांना तो चिमणराव भेटला तो १९७९ सालच्या चित्रपटातून.

विनोदी नटाला चिमणराव म्हणजे मोठा मोह. बावळटपणा वाढवीत न्यावा, टाळ्या वाढत जातात. प्रभावळकरांनी तसे केले नाही. त्यांचा चिमणराव बावळट नाही, भिडस्त आहे. आपल्याला जमणार नाही हे त्याला मनातून ठाऊक आहे. पण 'नाही' म्हटले तर समोरच्याला वाईट वाटेल, म्हणून तो 'हो' म्हणतो, आणि तेथून त्याच्या फजितीला सुरुवात होते. हसू येते ते त्याच्या अकलेला नव्हे, त्याच्या सभ्यतेला. ज्या घरात एखादा असा काका किंवा मामा आहे – आणि कोणत्या घरात नाही? – त्या घरातल्या माणसांना हा चिमणराव आपला वाटला.

दूरचित्रवाणीची जातच अशा अभिनयाला पोषक आहे. रंगभूमीवरचा नट शेवटच्या रांगेपर्यंत पोचण्यासाठी हात उंच करतो. चित्रपटातला नट भिंतीएवढा होऊन अंगावर येतो. पण दूरचित्रवाणीवरचा नट आपल्या बैठकीच्या खोलीत, चहाच्या कपाशेजारी येऊन बसतो. तेथे आरडाओरडा करणारा पाहुणा दोन दिवसांत नकोसा होतो. संकोची पाहुणा मात्र रोज चालतो.

याच माणसाची दुसरी आवृत्ती 'एक डाव भुताचा'मधला (१९८२) मास्तर. द. मा. मिरासदारांची कथा, अशोक सराफांचे रांगडे, गडगडणारे भूत, आणि त्या भुतापुढे हा भित्रा शाळामास्तर. विनोदाचा सगळा दणका अशोक सराफांकडे आहे. प्रभावळकरांकडे आहे ते ऐकणे. परंतु भूत खरे वाटते ते ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यामुळे. चांगला तबलजी जसा गायकाची जागा अडवीत नाही आणि तरी त्याच्यावाचून गाणे उभे राहत नाही, तसे हे काम आहे. ऐकण्याचा अभिनय हा चरित्र-अभिनेत्याचा खरा धंदा; त्याला टाळी पडत नाही, आणि तो नसला तर नायकाचीही टाळी जाते.

येथे दोन भूमिका शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. जयवंत दळवींच्या 'नातीगोती' या नाटकात प्रभावळकर एका मतिमंद मुलाचे वडील झाले होते. त्या मुलाची भूमिका अतुल परचुऱ्यांनी केली. पुढे 'चौकट राजा' या चित्रपटात (१९९१, दिग्दर्शक संजय सूरकर) त्यांनी बालपणीच्या अपघाताने बुद्धीची वाढ खुंटलेला नंदू केला, आणि सुलभा देशपांडे त्याच्या आई झाल्या. नंदूचे नाव आज घरोघरी आहे. नातीगोतीतल्या काटदऱ्यांची आठवण ते नाटक पाहिलेल्यांपुरती उरली आहे.

आमचे मत लोकमताहून थोडे निराळे आहे, ते सांगितले पाहिजे. नंदू ही विलक्षण मेहनतीची भूमिका, यात वाद नाही. वाकडी मान, लडबडणारा शब्द, एकाएकी फुलणारा चेहरा हे सारे त्यांनी सांभाळले, आणि नंदूची कोठेही टिंगल होऊ दिली नाही. परंतु चित्रपटाची रचनाच अशी आहे की प्रेक्षकाने रडावे हे आधी ठरलेले आहे, आणि मग नट कितीही संयमी असला तरी त्याच्या पाठीमागून वाद्ये रडू लागतात. नंदू पाहताना आपल्याला त्याची दया येते आणि आपण चांगले आहोत असेही थोडेसे वाटून जाते. बापाच्या भूमिकेत ही सोय नव्हती. आपले पोर कधीच मोठे होणार नाही, हे जाणून रोज सकाळी कामावर जाणारा, कंटाळणारा, कधी चिडणारा आणि चिडल्याबद्दल मनात खजील होणारा तो माणूस प्रेक्षकाला चांगुलपणाची सवलत देत नाही. तो विचारतो, तुमच्या घरी असे असते तर? प्रभावळकरांची श्रेष्ठता मोजायची तर आम्ही नंदूहून त्या बापाला वरचा पाट देऊ. सोंग जितके कमी, तितका हा नट मोठा.

'लगे रहो मुन्नाभाई'तले गांधीजी हा या म्हणण्याचा सर्वांत ठळक पुरावा. गांधीजींची भूमिका करणे म्हणजे नोटेवरच्या चित्राला बोलते करणे. चष्मा, पंचा, काठी इतकी ओळखीची, की नट त्यांच्याखाली सहज गाडला जावा. शिवाय या चित्रपटातले गांधीजी इतिहासातले नाहीत. एका मवाल्याच्या डोक्यातले आहेत. ते फक्त मुन्नाला दिसतात, आणि मुन्नाला जेवढे ठाऊक तेवढेच त्यांना ठाऊक. असे पात्र कसे करावे? महात्म्याच्या थाटात केले तर मुन्ना पळून जाईल. विनोदी केले तर प्रेक्षक उठून जाईल.

प्रभावळकरांनी ते केले एखाद्या समंजस आजोबांसारखे, ज्यांना नातवाने न बोलावता मध्ये बोलायची सवय नाही. ते उपदेश करीत नाहीत, विचारल्यावर सुचवतात. सुचवल्यावर हट्ट धरीत नाहीत. मुन्ना चुकला की त्यांच्या चेहऱ्यावर राग येत नाही, थोडी काळजी येते. महात्म्याचे एवढे प्रचंड नाव त्यांनी आपल्या त्या जुन्या संकोचात बसवले, आणि आश्चर्य असे की ते नाव तेथे लहान झाले नाही. २००६ सालासाठीचा सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना याच भूमिकेसाठी आणि 'शेवरी' या मराठी चित्रपटासाठी मिळाला. आमच्या सीमेवरच्या माणसांना त्यात आणखी एक अर्थ दिसतो. हिंदीत संजय दत्त आणि तेलुगूत चिरंजीवी. नायक भाषेप्रमाणे बदलला, पण गांधीजी म्हणून दोन्हीकडे मराठी नटच चालला. नम्रतेला दुभाष्या लागत नाही, एवढाच त्याचा बोध.

आणि आता आबा टिपरे. प्रभावळकर लेखकही आहेत. त्यांच्या 'अनुदिनी' या पुस्तकावरून ही मालिका झाली, केदार शिंदे यांनी ती दिग्दर्शित केली आणि २००१ ते २००४ या काळात ती घरोघर पाहिली गेली. शेखर आणि श्यामला हे मुलगा-सून, शिऱ्या आणि शलाका ही नातवंडे, आणि आबा. फार काही घडतच नसे. कोणाची परीक्षा, कोणाचा वाढदिवस, कोणाचा रुसवा. आणि शेवटी घरातला कोणीतरी आपली रोजनिशी लिहायला बसे.

त्या काळात पडद्यावरचा म्हातारा दोनच प्रकारचा असे. एक, मुलांनी टाकून दिलेला, खोकणारा, भिंतीवरच्या तसबिरीशी बोलणारा. दुसरा, देवघरातून उठून सगळ्यांना संस्कार शिकवणारा. आबा या दोहोंपैकी कोणीच नव्हते. ते कधी चिडत, कधी खोड्या करीत, कधी नातवाच्या बाजूने खोटेही बोलत. घरातल्या नव्या गोष्टी त्यांना कळत नसत, पण न कळल्याची त्यांना लाज वाटत नसे, ते विचारीत. आपला शब्द आता शेवटचा राहिलेला नाही, हे त्यांनी कोणी न सांगता ओळखले होते, आणि त्या ओळखण्यात कडवटपणा नव्हता. पन्नाशी ओलांडून साठीकडे निघालेल्या प्रभावळकरांनी आपल्याहून बरेच मोठे वय अंगावर घेतले होते; पण आबांचे म्हातारपण केसांत नव्हते, ते वाट पाहण्यात होते. दुसऱ्याचे बोलून होईपर्यंत थांबायचे, आणि तोवर विषय बदलला असेल तर आपले मनातल्या मनात ठेवायचे. आपापल्या घरच्या आजोबांना असे कितीदा थांबावे लागते, हे त्या मालिकेने किती सुनांना आणि नातवांना हळूच दाखवले असेल!

कोणी म्हणेल, सगळेच संकोची कसे? त्यांचे दुर्जन कोठे गेले? प्रश्न रास्त आहे. अजय फणसेकरांच्या 'एन्काउंटर: द किलिंग'मधला (२००२) पुनाप्पा आहे, 'सरकार राज'मधले (२००८) रावसाहेब आहेत. पण ते दुर्जन पाहा. ते ओरडत नाहीत, डोळे वटारीत नाहीत. साध्या, वयस्कर, वाकून बोलणाऱ्या गृहस्थाच्या आत काहीतरी थंड आहे, एवढेच ते जाणवू देतात. म्हणजे बाहेरचे वागणे तेच, संकोचाचेच. फक्त आतली माया काढून घेतली आहे. माया गेली की तोच मवाळपणा किती भयंकर होतो, हे या भूमिका सांगतात. सूत्र मोडत नाही, उलटे होते.

उतारवयात या नटाकडे ज्या भूमिका आल्या त्यांत हे सूत्र अधिकच स्वच्छ झाले. उमेश कुलकर्णी यांच्या 'देऊळ'मध्ये (२०११) सगळे गाव देवळाच्या आणि त्यातून येणाऱ्या पैशाच्या मागे धावत असता, अण्णा हा एकच वृद्ध शहाणपणाची गोष्ट बोलतो. आणि तीही इतक्या हळू की गोंगाटात कोणाला ऐकू जाऊ नये. 'नारबाची वाडी'त (२०१३) मूळच्या बंगाली गोष्टीला कोकणचे अंगण मिळाले. म्हाताऱ्या नारबाची वाडी गिळण्यासाठी खोत त्याच्या मरणाची वाट पाहतो, त्यासाठी त्याला पोसतो, आणि नारबा मरायचे नावच घेत नाही! दुबळ्याची चिवटाई हा विनोदाचा केवढा मोठा विषय आहे! 'काय करणार, जीवच जात नाही' अशा ओशाळलेल्या चेहऱ्याने नारबा जगत राहतो, आणि आपण हसता हसता त्याच्या बाजूला जाऊन उभे राहतो.

शेवटी २०२५च्या सप्टेंबरात आलेला सुबोध खानोलकर यांचा 'दशावतार'. एक्याऐंशी वर्षांच्या नटाने येथे केला बाबुली मेस्त्री, कोकणातला दृष्टी मंदावत चाललेला दशावतारी कलावंत. म्हणजे ज्याला आपण आयुष्यभर बहुरूपी म्हणत आलो, त्याला अखेर बहुरूप्याचीच भूमिका मिळाली. आणि चित्रपटगृहांत गर्दी झाली ती पोस्टरवरच्या या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यासाठी. बारीक अक्षरांतले नाव एकदाचे मोठ्या अक्षरांत आले. त्यात अवतार अनेक आहेत, रंग आहेत, मुकुट आहेत; पण आमच्या ध्यानात राहतो तो रंग पुसल्यावरचा बाप, ज्याला मुलाच्या काळजीपुढे टाळ्या थिट्या वाटतात. सोंगांच्या या एवढ्या मोठ्या उत्सवातही सर्वांत खरा क्षण बिनसोंगाचा निघावा, यात आमच्या म्हणण्याला बळकटीच येते.

एक उणेही सांगितले पाहिजे. प्रभावळकरांच्या चित्रशाळेत पुण्या-मुंबईचा पांढरपेशा आहे, कोकणचा शेतकरी आणि कलावंत आहे. पण गोदावरीकाठचा, आमच्या बोलीत बोलणारा माणूस त्यांच्या गाजलेल्या भूमिकांत भेटत नाही. मिरचीच्या पोत्यावर बसून वाटाव्याची वाट पाहणारा, दोन राज्यांच्या कचेऱ्यांत हेलपाटे घालणारा, तीन भाषांत आदबीने बोलणारा आणि तिन्हींत गप्प बसणारा म्हातारा! हा माणूस त्यांनी किती सुरेख केला असता! परंतु यात नटाचा दोष नाही. चरित्र-अभिनेता भूमिका निवडत नाही, त्याला लिहिणारे निवडतात. मराठी चित्रपटाला मराठवाड्याची बोली बहुधा हशा पिकवण्यापुरती हवी असते. त्या बोलीतला संकोच, तिची माया, तिचे मौन अजून कोणी फारसे लिहिलेले नाही. लिहिणाऱ्यांनी मनावर घ्यावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. लोकांना तात्या, आबा, गांधीजी ठाऊक असावेत आणि ते सगळे एकच हे ठाऊक नसावे, हा नटाचा विजयच आहे; पण तो त्याचा त्याने मिळवलेला विजय. आपण त्याला दिलेला तो सन्मान नव्हे. सन्मान द्यायचा तर सोंगे मोजायचे सोडून सोंगांखालचा माणूस ओळखावा लागेल. त्या माणसाने पन्नास वर्षे एकच गोष्ट सांगितली: जो मोठ्याने बोलत नाही, त्यालाही काही म्हणायचे असते, जो वाट पाहतो, तो मूर्ख नसतो, आणि ज्याला आपली जागा जास्त होते की काय अशी शंका येते, त्याच्याचमुळे घरात इतरांना जागा मिळते.

दिवाळीच्या सुटीत घरे भरलेली असतील. नातवंडे हट्ट धरतील तर 'झपाटलेला' जरूर पाहा, आणि तो संपल्यावर त्यांना सांगा की या भुताचा आवाज आणि आबांचा आवाज एकाच गळ्यातला आहे. मग टिपऱ्यांचा एखादा भाग लावा. तो पाहताना खोलीच्या कोपऱ्यात कोणी वडीलधारे गप्प बसले असतील, तर मधूनच त्यांच्याकडेही पाहा. ते काहीतरी सांगण्यासाठी आपले बोलणे संपायची वाट पाहत असण्याचा पुष्कळ संभव आहे.